एकोणतीस अंश

विद्यापीठात पाककलेची पदवी शिकवताना मी कितीतरी प्रॅक्टिकल घेतली, पण त्या सकाळचा थर्मामीटर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तिसऱ्या वर्षाची अंतिम परीक्षा होती, ऐंशी पाहुण्यांचं जेवण. आदल्या दिवशी मुलांनी भाजलेली हाडं आठ तास मंद आचेवर ठेवून चाळीस लिटर ब्राऊन स्टॉक, म्हणजे सॉसचा पाया असलेला हाडांचा तपकिरी अर्क, काढला होता. संध्याकाळी सहाला तो गाळला आणि झाकण लावून टोप सरळ कोल्ड रूममध्ये ठेवला. तसं मीच सांगितलं होतं. सगळे दमले होते, मीही.

सकाळी सातला सॉस सांभाळणारी मुलगी आली. "मॅडम, जरा बघता का?" कडेचा स्टॉक जेलीसारखा थरथरत होता, मधला मात्र पातळच. तिनं थर्मामीटरची सळई खोल मध्यभागी घातली. आकडा २९ वर थांबला. तेरा तासांनंतर, चार अंशांच्या खोलीत!

कोल्ड रूम गार पदार्थ गार ठेवते, कढत पदार्थ निववणं तिच्या आवाक्याबाहेरचं असतं. त्यात उंच टोप, वर झाकण, मग मधली उष्णता जाणार कुठे? ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत, हा नियम मीच फळ्यावर लिहीत आले. त्यासाठी बर्फाच्या पाण्यात टोप ठेवून ढवळायचं, नाहीतर उथळ ट्रेमध्ये ओतायचं.

"पुन्हा खळखळून उकळू या," मी म्हणाले. स्टॉकला वास छान येत होता, रंगही सुरेख होता.

"उकळून जंतू मरतील मॅडम, पण बॅसिलस सिरियस या जंतूनं रात्रीत विष सोडलं असेल तर ते उकळूनही जात नाही." तिचा आवाज कापत होता, पण ती जागची हलली नाही.

फ्रेंच शेफ एस्कॉफिएनं घालून दिलेली ब्रिगेडची, म्हणजे स्वयंपाकघरातल्या वरच्या-खालच्या कामांच्या उतरंडीची, शिस्त आम्ही पहिल्या दिवसापासून अंगी बाणवतो. वरच्यानं सांगितलं की "येस शेफ". त्या शिस्तीशिवाय ऐंशी ताटं एका वेळी निघत नाहीत, हे मी आजही मानते. पण हातात मोजलेला आकडा असेल तर वरच्यालाही थांबवता आलं पाहिजे. त्या दिवशी तिनं मला थांबवलं.

चाळीस लिटर ओतून दिले. टोप रिकामा होईपर्यंत कुणी बोललं नाही.

स्टॉक नाही म्हणजे त्यावर बेतलेला तपकिरी सॉस एस्पान्योल नाही, आणि त्यापासून आटवून होणारा डेमी-ग्लासही नाही. मग मूळ सॉसपैकी स्टॉक न लागणारा हॉलंडेज करायचं ठरलं. वाफेवरच्या भांड्यात अंड्याचे बलक फेटत तिनं वितळलेलं लोणी बारीक धारेनं सोडायला सुरुवात केली. आच जरा चढली की बलक फुटतो, म्हणून दर मिनिटाला भांडं उचलून खाली, पुन्हा वर. शेवटी व्हिस्क उचलला तेव्हा सॉस जाड फितीसारखा ओघळला. हा सॉस फार वेळ ठेवता येत नाही, म्हणून दर वीस ताटांना नवा. चार वेळा केला तिनं.

प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, एवढं शिकून शेवटी हॉटेलातच उभं राहायचं ना? काही मुलं राहतात आणि उत्तम शेफ होतात. पण त्याच बॅचचा एक मुलगा रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पथ्याचं जेवण सांभाळतो. दुसरी एका कंपनीत नवे पदार्थ तयार करते. तिचा निम्मा वेळ एका वाटीची कृती पाचशे लिटरला कशी टिकेल यातच जातो. आणि ही सॉसवाली अन्नसुरक्षेच्या तपासणीत आहे, कारखान्यांची स्वयंपाकघरं तपासते.

परवा तिचा फोन आला, सूपच्या एका कारखान्यातून. मी पहिलं विचारलं, "निवायला किती वेळ लागतो तिथे?"

"तीन तास चाळीस मिनिटं," ती म्हणाली. "मध्यभागी मोजून, मॅडम."