फौंड्रीची धूळ फुफ्फुसात जाऊन नेमकं काय करते

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत नाहीतर गोकुळ शिरगावला फौंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतून काढलेला भाग घासून साफ करायच्या कामावर, उभा असलेला माणूस कधी जवळून बघा. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, पापण्यांवर पांढरट थर, आणि ग्राइंडर लावला की कास्टिंगला, म्हणजे त्या ओतीव भागाला, चिकटलेली वाळू भसाभस उडत असते. आमच्या घरात दोन पिढ्या याच धंद्यात गेल्या, त्यामुळं "धुळीचं काय एवढं, खोकलं की निघून जाते" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. आणि ते खोटं आहे.

जाड धूळ निघते, खरंय. पण वाळूतल्या सिलिकाचे चार-पाच मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत आणि ते थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत, पोचतात. तिथं मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, आलेला जंतू, कचरा गिळायचा आणि पचवायचा हे त्यांचं काम. सिलिकाचा कणही त्या गिळतात, पण वाळू पचणार कशी? पेशीतली पचनाची पिशवी, म्हणजे लायसोसोम, तीच फुटते आणि आतला माल पेशीत सांडतो.

ही गडबड एनएलआरपी३ नावाच्या प्रथिनाला कळते. त्याच्याभोवती बाकीची प्रथिनं गोळा होऊन इन्फ्लमासोम, म्हणजे सूज चालू करणारा प्रथिनांचा संच, तयार होतो, मग कॅस्पेस-१ एन्झाइम जागं होतं, ते इंटरल्यूकिन-१ बीटा हे निरोप नेणारं प्रथिन कापून कामाचं करतं, ते पेशीबाहेर पडतं आणि तो निरोप मिळाला की रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी झुंडीनं फुफ्फुसात शिरतात, सूज येते. इन्फ्लमासोमची कल्पना स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ युर्ग चॉप यांच्या टीमनं २००२ साली मांडली आणि सिलिका, अॅस्बेस्टॉस याच वाटेनं जातात हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. गाऊट या सांध्यांच्या आजारात युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात हेच प्रथिन चेतवतात. पण युरिक अॅसिड गोळ्या घेऊन कमी करता येतं, सिलिका काही केल्या जात नाही. मॅक्रोफेज मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तोच कण गिळते, तीही मरते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं. सोबत टीजीएफ-बीटा या दुसऱ्या निरोप्या प्रथिनाचे संदेश जाऊन फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन, म्हणजे जखमेच्या व्रणात असतं ते चिवट प्रथिन, घालत बसतात, मऊ फुफ्फुस कडक होतं, एक्स-रेत वरच्या भागात गाठी दिसायला लागतात. यालाच सिलिकोसिस म्हणतात.

म्हणूनच काम सोडून दहा वर्षं झाली तरी माणसाचा दम वाढतच जातो. धूळ थांबली तरी आपल्याच शरीराची लढाई थांबत नाही. कडक झालेलं फुफ्फुस परत पहिल्यासारखं करणारं औषध आज नाही, त्यामुळं जे काही करायचं ते कण आत जायच्या आधीच करायला लागतं. टॉवेलनं काही होत नाही हो, हे कण त्यातनं आरपार जातात. धूळ जिथं उडते तिथंच ओढून घेणारं एक्झॉस्ट पाहिजे, झाडताना पाणी मारायला पाहिजे, आणि चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ पाहिजे, तोही मालकानं द्यायचा. कायद्यानं सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत आहे, किती कामगारांना हे माहीत असतं?

आणि एक. खोकला हटत नाही म्हणून दवाखान्यात गेलात की "मी फौंड्रीत आहे, किती वर्षं, कुठल्या खात्यात" हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. सिलिका मॅक्रोफेज खच्ची करते म्हणून अशा फुफ्फुसात टीबी लवकर घुसतो, एक्स-रेवर टीबी आणि सिलिकोसिस दोन्हींच्या गाठी सारख्या दिसू शकतात, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात.