अनारशांचा डबा आणि आजोबांचं एचएमटी

मी इथे स्कॉटलंडमध्ये, पर्थशायरमधल्या एका बोर्डिंग स्कूलच्या मुलींच्या हाऊसमध्ये, म्हणजे वसतिगृहात, असिस्टंट मेट्रन आहे. २०२५ च्या दिवाळीत ठरवलं की पोरींना अनारसे खायला घालायचेच. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, पण इथल्या थंडीत पीठ काही मुरेना, शेवटी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात डबा ठेवला तेव्हा कुठे जमलं. इथली ऑक्टोबरची सुट्टी आधीच संपलेली म्हणून सगळ्या मुली हाऊसमध्येच होत्या. २६ तारखेला रविवारी सगळ्यांना वाटायचे होते आणि सकाळी बघते तर किचनमधून डबाच गायब!

किचनच्या दाराला कोडचं कुलूप आहे, कोड सगळ्यांना माहीत, पण दार कधी उघडलं ती वेळ नोंदली जाते. ती होती रात्री १:२०. आणि नाईट ड्युटीच्या बाईंच्या वहीत लिहिलेलं की १:२० ला हाँगकाँगची अकरावीतली मुलगी कॉरिडॉरमध्ये दिसली. झालं, सगळ्यांनी तिलाच धरलं. ती सांगत होती की आजी आजारी आहे, मी फोनवर बोलत होते, पण कोणी धड ऐकूनच घेतलं नाही. मीही गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमच्या हाऊसमध्ये साताऱ्याची एक बारा वर्षांची मुलगी आहे, मला मावशी म्हणते. आजोबांनी दिलेलं चावीचं एचएमटी घड्याळ झोपतानाही काढत नाही. ती दुपारी आली नि म्हणाली, "मावशी, मला रात्री दोनदा जाग आली. आधी किचनचं दार वाजलं तेव्हा १:२० झाले होते, आणि ताई फोनवर बोलत होती तेव्हा २:२०. मग दोन्हीकडे १:२० कसं?"

मला क्षणभर कळलंच नाही, मग एकदम लख्ख प्रकाश पडला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे रात्री २ वाजले की घड्याळं परत १ वर नेतात, भारताशी साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो तो याच रात्री. म्हणजे १:२० त्या रात्री दोनदा वाजले! कुलूप आणि मोबाईल आपोआप बदलले, चावीचं घड्याळ कसं बदलणार. पोरगी एवढ्यावर थांबली नाही, तिने ताईचा फोन बघायला मागितला. आजीने तिकडून सकाळी ९:१५ ला केलेल्या कॉलचा स्क्रीनशॉट ताईला पाठवलेला होता, हाँगकाँग आता आठ तास पुढे म्हणजे इथे १:१५, दुसऱ्या खेपेचे. पहिल्या खेपेला तिकडे ८:१५ च झाले असते. म्हणजे किचनचं दार उघडलं त्यानंतर तासाभराने ताई फोनवर होती.

मग डबा नेला कोणी? तर ही चिखलाचे बूट ठेवायच्या खोलीत गेली आणि एकेक गमबूट उलटा करून बघत बसली. एका बुटातून खसखस सांडली. आमच्या हाऊसमध्ये दुसऱ्या कशावर खसखस असणार आहे! बूट ज्या दोघींचे त्या आठ-नऊ वर्षांच्या, विचारल्याबरोबर रडायलाच लागल्या, डबा कोटांच्या मागे होता, अर्धा रिकामा.

संध्याकाळी जेवायच्या आधी हाऊसच्या मुख्य बाईंनी हाँगकाँगच्या मुलीची सगळ्यांसमोर माफी मागितली, मी पण मागितली. ती काहीच बोलली नाही, फक्त त्या साताऱ्याच्या छोटीला शेजारी बसवून घेतलं आणि उरलेल्यातला पहिला अनारसा तिच्या ताटात ठेवला.