गहू, निदण आणि निवडण्याची घाई

इंदूरच्या मराठी घरांतून वर्षाचे गहू भरून ठेवण्याची पद्धत अजून पूर्णपणे गेलेली नाही. चैत्र-वैशाखात छावणीच्या मंडीतून लोकवन किंवा शरबती गव्हाची पोती घरी येतात, काही दुपारी चटई पसरून ताटाताटाने गहू निवडले जातात आणि एरंडेलाचा हात लावून टाकीत भरले जातात. मशीनवर साफ केलेला गहू आता सर्वत्र मिळतो, परंतु आमच्या घरी त्यावर कोणाचा भरवसा नाही. खडे, ओंब्यांचे तुकडे, हरभऱ्याचा एखादा दाणा आणि जंगली जईचे लांबट, काळपट बी त्यातही निघतेच.

आमची उपासना हिंदीत होते आणि घरचे शास्त्रवाचन मराठीत. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील गहू व निदण (म्हणजे तण) यांचा दृष्टांत दोन्हींकडे अनेकदा ऐकला आहे, आणि गव्हाचे ताट पुढे असताना तो आठवणारच. रोजच्या जीवनात आध्यात्मिक धडे शोधणारे आपण बहुधा सारखेपणा शोधतो. ताटातले खडे काढावेत तसे मनातले विकार काढावेत, हा विचार चटकन सुचतो आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कॅलेंडरवर शोभूनही दिसतो. अडचण एवढीच की प्रभू येशूने सांगितलेली गोष्ट बरोबर याच्या विरुद्ध जाते. वैऱ्याने रात्री गव्हात निदण पेरले, हे उघडकीस आल्यावर दासांनी ते उपटून काढण्याची परवानगी मागितली. धन्याने ती नाकारली, कारण निदणाबरोबर गहूही उपटला जाईल, आणि कापणीपर्यंत दोन्ही बरोबर वाढू देण्यास सांगितले. आमचे घरकाम जिथे वचनाशी जुळते त्यापेक्षा जिथे ते वचनाशी भांडते तिथे अधिक शिकायला मिळते, असे माझे मत याच दृष्टांतावरून झाले आहे.

धन्याच्या नकारामागे शेतीचे पक्के ज्ञान आहे. हे निदण म्हणजे पॅलेस्टाइनच्या शेतांत आढळणारे एक विषारी गवत असावे, असे अभ्यासक मानतात. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते गव्हापासून ओळखू येत नाही, आणि ओळखू येते तोवर दोघांची मुळे जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात. त्याच्या बियांत वाढणाऱ्या बुरशीमुळे असे पीठ खाणाऱ्याला गुंगी आणि भोवळ येते, म्हणजे ते निरुपद्रवी मुळीच नाही. आपल्याकडेही गव्हासारखेच दिसणारे एक तण आहे, ज्याला हिंदी भागातले शेतकरी ‘गेहूं का मामा’ म्हणतात, आणि नात्याचा हा विनोद मला फार समर्पक वाटतो. तेव्हा ताटातले निवडणे आणि शेतातले निवडणे ही दोन निराळी कामे आहेत. ताटातल्या दाण्याला मूळ नसते. त्याला बाजूला सारताना दुसऱ्या कोणाचे काही तुटत नाही.

मंडळीत मात्र सर्वांना मुळे असतात. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतल्या डोनाटिस्ट या ख्रिस्ती पंथाचा आग्रह होता की, डायोक्लेशियन या रोमन सम्राटाने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात ज्यांनी भिऊन पवित्र शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, त्यांचा डाग मंडळीला लागू नये. त्यांना उत्तर देताना तिथलाच बिशप असलेल्या संत ऑगस्टीनने याच दृष्टांताचा आधार घेतला आणि मंडळी कापणीपर्यंत मिश्रच राहणार असे सांगितले. पुढे त्याच ऑगस्टीनने डोनाटिस्टांविरुद्ध राजसत्तेच्या बळाला संमती दिली, हेही विसरता येत नाही. उपटण्याचा मोह एवढा मोठा असतो.

आमच्या ओळखीच्या एका मंडळीत फक्त नाताळाला तोंड दाखवणाऱ्यांची नावे सभासद-यादीतून काढावीत, असा प्रस्ताव आला होता. ओला, सुका आणि इतर कचरा निरनिराळा ठेवून 2017 पासून सलग सात वर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरातली माणसे आम्ही, आम्हाला वर्गवारीचा उत्साह असणारच. चर्चा रंगली तेव्हा एका वयोवृद्ध बाईंनी विचारले की, या यादीतल्या कोणाकोणाच्या आया दर रविवारी आपल्या शेजारी बसतात ते कोणी पाहिले आहे का. प्रस्ताव तिथेच राहिला.

माणसाच्या आत डोकावले तर गुंता आणखी वाढतो. माझे वडील कापड गिरणीत हिशेबनीस होते. पैशापैशाचा हिशेब चोख ठेवण्याची त्यांची सचोटी आणि घरात प्रत्येक आण्यासाठी होणारी कटकट एकाच मुळावर वाढलेली होती. आई त्यांच्याविषयी तक्रार करी आणि त्याच दमात त्यांनी कधी खोटी पावती केली नाही, हेही अभिमानाने सांगे. त्यांच्यातले एक उपटून दुसरे ठेवण्याचा उपाय मला आजही दिसत नाही.

याचा अर्थ मंडळीने डोळे मिटून घ्यावेत असा कोणी लावू लागला, तर त्याला मी ठामपणे विरोध करीन. पैशांची अफरातफर किंवा लहान मुलांना होणारा त्रास झाकण्यासाठी या दृष्टांताचा वापर होणे हा त्याचा अपमान आहे. येशूने स्वतःच स्पष्ट केले आहे की दृष्टांतातले शेत म्हणजे जग आणि कापणारे म्हणजे देवदूत. कोण गहू आणि कोण निदण, हा अखेरचा निवाडा आपल्याकडे दिलेला नाही, एवढेच त्यातून निघते. घडलेल्या अपराधाचे काय करायचे हे त्याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहे: आधी एकांतात बोलावे, मग एक-दोघांना बरोबर न्यावे, मग मंडळीला सांगावे, आणि तरीही तो ऐकत नसेल तर त्याला परराष्ट्रीय किंवा जकातदार यांच्यासारखा समजावे. ही शेवटची पायरी कठोर वाटते, आणि ती कठोर आहेच. परंतु या शुभवर्तमानाला ज्याचे नाव आहे तो मत्तय स्वतः जकातनाक्यावर बसलेला असताना बोलावला गेला, आणि नवव्या अध्यायात येशू जकातदारांच्या पंगतीला बसून जेवतो.