५३ वर्षांनी तीच दोघं

शनिवार, रात्री उशिरा

सिनेमा संपून तास झाला, पण डोळा लागत नाही. फ्रेंच दिग्दर्शक क्लॉद लेलूशचा २०१९ चा सिनेमा पाहिला. १९६६ मध्ये त्याने 'अ मॅन अँड अ वुमन' केला होता. त्यातलीच दोन पात्रं आणि तेच दोन कलाकार, आनुक एमे आणि जाँ-लुई त्रँतिन्याँ. मध्ये ५३ वर्षं गेलेली.

पहिल्या सिनेमात त्रँतिन्याँचं पात्र मोटारींच्या शर्यतीतला ड्रायव्हर होतं. जोडीदार दोघांचेही गेलेले आणि मुलं एकाच बोर्डिंग शाळेत, एवढ्यावरून ओळख झालेली. आता तो वृद्धाश्रमात आहे आणि आठवणी निसटत चालल्यात. त्याचा मुलगा तिला शोधून काढतो, एकदा भेटायला या म्हणतो. ती येते, त्याच्या समोर बसते. तो तिला ओळखत नाही आणि तिलाच सांगत बसतो, की आयुष्यात एका बाईवर माझा फार जीव होता. ती ऐकत राहते. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे काही येतं, ते बघताना मी दोनदा सिनेमा थांबवला.

लेलूश मधूनमधून जुन्या सिनेमातली दृश्यं आणतो. एरवी फ्लॅशबॅक म्हटलं की तरुण नट शोधायचा नाहीतर मेकअप करायचा. इथे तसं काहीच करावं लागत नाही. आठवण म्हणून जे दिसतं ते खरोखरच ५३ वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासमोर घडलेलं आहे, याच दोघांच्या बाबतीत. हे पैसे टाकून मिळत नाही. तेवढी वर्षं जावीच लागतात, आणि माणसं तोवर जगावी लागतात.

मधे १९८६ मध्येही त्याने एक भाग केला होता. तो मला जमलेला वाटला नाही. कथानकाची इतकी गर्दी, की ही दोघं नुसती एकमेकांकडे बघतायत अशी जागाच उरली नव्हती.

रविवार

सकाळी ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती असले पुढचे भाग बघत नाही, ठरवून. "गोष्ट संपली ना तिथे? मग राहू दे की तशीच," म्हणाली.

तिचं म्हणणं मला माहीत आहे. 'बिफोर सनराइझ' आम्ही दोघींनी एकत्र पाहिला होता. एका रात्रीची ओळख, आणि सहा महिन्यांनी याच स्टेशनवर भेटायचं वचन. पुढे काय झालं ते सिनेमा सांगत नाही. ताई म्हणाली होती, भेटले नसणार. मी म्हणाले होते, नक्की भेटले. त्या उत्तरांवर आम्ही कितीतरी वर्षं काढली. नऊ वर्षांनी, २००४ मध्ये, 'बिफोर सनसेट' आला आणि कळलं, की तो गेला होता, तिला जाता आलं नाही. नेमकी त्याच दिवशी तिच्या आजीची अंत्ययात्रा होती. म्हणजे ताईचंच खरं ठरलं. तरी तिने तो अजून पाहिलेला नाही.

मी हरले, तरी मला तो सिनेमा जवळचा वाटतो. पॅरिसमधली एक दुपार, दोघं चालतायत, बोलतायत. ती त्याच्याकडे निरखून बघते आणि म्हणते, तुझ्या भुवयांच्या मधे ही रेघ आलीय. ती रेघ त्याची भूमिका करणाऱ्या ईथन हॉकच्या कपाळावर खरीच आहे. नऊ वर्षांत त्याचं काय काय झालं असेल, याचा पहिला अंदाज मला त्या रेघेवरूनच आला.

सोमवार

'इंडियाना जोन्स'च्या २०२३ च्या भागाची सुरुवात आठवत होते. हॅरिसन फोर्ड तेव्हा ८० वर्षांचा, आणि सुरुवातीचा बराच वेळ संगणकाने त्याला तरुण केलेलं. चेहरा पस्तिशी-चाळिशीचा, आवाज मात्र आत्ताचा. मला ते बघवलं नाही. ज्या माणसाला भेटायला आपण इतकी वर्षं थांबलो, त्यालाच लपवून ठेवल्यासारखं वाटलं.

त्याच फोर्डचा 'ब्लेड रनर २०४९' मात्र डोक्यातून जात नाही. मूळ सिनेमा १९८२ चा, हा २०१७ चा. त्यात त्याच्यासमोर त्याची गेलेली प्रेयसी आणून उभी करतात, हुबेहूब १९८२ मधली. तंत्र तेच, संगणकाने घडवलेला तरुण चेहरा. तो बघतो, हलतो, आणि म्हणतो, तिचे डोळे हिरवे होते. तिला नाकारतो. नकली तारुण्य दाखवून ते पात्राच्याच तोंडून परत पाठवणारा दुसरा सिनेमा मी तरी पाहिलेला नाही.

आणि नट व्हॅल किल्मर. 'टॉप गन' १९८६ चा, पुढचा भाग २०२२ मध्ये. मधल्या काळात घशाच्या कर्करोगाने त्याचा आवाज गेला होता. पटकथेने ते झाकलं नाही, त्याचं पात्रही आजारीच दाखवलं. तो मित्राशी संगणकाच्या पडद्यावर टाइप करून बोलतो, आणि शेवटी उठून उभा राहतो व कसेबसे दोन-चार शब्द बोलतो. विमानांच्या एवढ्या कसरतींमधून माझ्याजवळ तेवढंच उरलं. किल्मर २०२५ मध्ये गेला.

सगळेच पुढचे भाग असे नसतात, हे मला मान्य आहे. बरेचसे जुन्या नावावर तिकिटं विकायला काढलेले असतात. पाच मिनिटांत ते कळतं. जुनं संगीत वाजतं, जुना संवाद परत येतो, आणि मधल्या वर्षांचा कुणावर ओरखडाही दिसत नाही. अशा वेळी ताईचंच बरोबर वाटतं.

मंगळवार

रात्री ताईचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारलं, "त्या सिनेमात मुलं होती ना गं, बोर्डिंग शाळेतली? त्यांचं काय दाखवलंय?"

मी सांगितलं, की ती दोन्ही मुलं २०१९ मध्येही आहेत. आणि भूमिका त्याच दोघांनी केल्यात, ज्यांनी १९६६ मध्ये लहानपणी केल्या होत्या.

"तीच दोघं?"

"तीच."

बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला.

रविवारी येतेय. आधी १९६६ चा बघायचा, मग लगेच हा, मधे दिवे लावायचे नाहीत, असं तिनेच ठरवलंय.