झोपेचा तक्ता

पहिला तक्ता भाचीने एक्सेलमध्ये केला होता आणि दिसायला फार देखणा होता. लडाखमधल्या लामायुरूपासून शांग सुमदोपर्यंत नऊ दिवस, रोजचे किलोमीटर, रोजचे तास, खिंडीच्या दिवसांना केशरी रंग. छापून मी तो आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या डॉक्टरांकडे नेला, खरं सांगायचं तर कौतुक करून घ्यायला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद जवळ धरला आणि विचारलं, "किलोमीटर कळले. झोपताय कुठे?"

झोपायच्या जागाही होत्या की, शेवटच्या रकान्यात, बारीक अक्षरांत. डॉक्टरांनी त्यातल्या दोन नावांभोवती गोल केला. वानला, उंची सुमारे ३,२५० मीटर. दुसऱ्या रात्री थेट कोंझके ला या खिंडीचा ('ला' म्हणजे तिकडे खिंड) पायथा, सुमारे ४,३००. एका रात्रीत हजार मीटरची उडी. तीन हजारांच्या वर गेलं की आजच्या झोपेची उंची कालच्यापेक्षा साधारण पाचशे मीटरच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं, हा त्यांचा साधा हिशेब. दिवसा कितीही चढा, फार बिघडत नाही. शरीर हिशेब मागतं तो रात्रीचा.

सह्याद्रीत वीस-बावीस वर्षं हिंडूनही मला हे असं कधी सुचलं नव्हतं, कारण गरजच नव्हती. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. आपण मोजतो ते चढ, पाण्याच्या टाक्या आणि परतीची शेवटची एसटी.

दुसरी अडचण भाचीची निघाली. डायमॉक्सचा, म्हणजे उंचीचा त्रास टाळायच्या, सल्फाच्या जातीतल्या गोळीचा विषय आला तेव्हा ती म्हणाली, लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं. ताईला फोन लावला, तिने दुजोरा दिला, वर "मी तुम्हाला आधीच सांगत होते" हेही जोडलं. काय सांगत होती ते विचारलं नाही. मग डॉक्टरांनी मला गोळी लिहून दिली, विमानाच्या आदल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ १२५ मिलिग्रॅम. भाचीला दिली नाही. "हिचं औषध म्हणजे जादा दिवस," असं म्हणून त्यांनी तक्ता परत केला. हे २०२३ च्या एप्रिलमधलं.

जादा दिवस आणायचे कुठून? इथे पंचांग धावून आलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे गणपती १९ सप्टेंबरला. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो आणि मोदकांना मी नसले तर चालत नाही, असं निदान सासूबाई म्हणतात. एरवी या वाटेला मला सोयीचे वाटणारे सप्टेंबरचे पहिले पंधरा दिवस गणपतीच्या धांदलीत जातात. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी बर्फ वितळून ओढे फुगतात, सप्टेंबरात पाणी ओसरतं. शिवाय लेहची २०१० च्या ऑगस्टमधली ढगफुटी माझ्या मनात पक्की बसलेली, त्यामुळे त्या महिन्यात अरुंद घळींतून चालायची माझी तयारी नव्हती. २८ ऑगस्टला लेह, १६ सप्टेंबरला परतीचं विमान. ऑफिसात तीन आठवड्यांची रजा मागितली तेव्हा साहेबांनी विचारलं, "घरी लग्न आहे का?"

जायचं कसं, यावर आधी आमचं एकमत होतं: मनालीवरून, रस्त्याने, म्हणजे उंची हळूहळू अंगवळणी पडेल. चौकटीच्या वहीत झोपेच्या उंच्या लिहिल्या तेव्हा त्यातली गंमत कळली. त्या रस्त्यावर बहुतेक गाड्या सरचूला मुक्काम करतात आणि सरचू ४,२०० मीटरच्या वर, लेहपेक्षा सातशे मीटर जास्त. हळूहळू कसलं, पहिल्या-दुसऱ्या रात्रीच दणका. पुढे जुलैत बियासला पूर आला, कुलू-मनालीकडचा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला आणि तो प्रश्न तसाही मिटला. विमानाने जायचं आणि लेहमध्ये तीन रात्री काहीही न करता काढायच्या असं ठरलं. काहीही न करणं हे भाचीला सगळ्यात अवघड जाणार होतं.

नवा तक्ता मी पेन्सिलने केला. प्रत्येक रात्रीला एक उभी रेघ, जितकी उंच झोप तितकी लांब. लामायुरू, वानला, हिंजू दोन रात्री, खिंडीचा पायथा, कोंझके ला ओलांडून सुमदा चेनमो, दुंगदुंगचेन ला खिंडीच्या अलीकडे एक रात्र, मग उतरून चिलिंग. तिथून स्कियू, मारखा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग आणि शेवटी कोंगमारू ला. चालायचे तेरा दिवस, वर दोन राखीव. रेघा काढल्यावर कागदावर चक्क डोंगररांग दिसली: वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. पाच हजारांच्या वरची एकमेव खिंड शेवटी होती आणि तिच्याआधी झांस्कर नदीकाठचं चिलिंग, जेमतेम ३,२५०, म्हणजे शरीराला चांगला दम घ्यायची जागा. नुसतं मारखा खोरं करणारे बरेचजण पहिल्या दोन-तीन दिवसांतच गांडा ला चढतात. आमची वाट लांब होती खरी, पण जास्त दयाळू होती.

उंच्यांच्या आकड्यांवर मात्र फार विसंबून चालत नाही. ओलिझानचे जुने १:१,५०,००० चे नकाशे, मोबाइलमधला ऑफलाइन नकाशा आणि लोकांचे जीपीएस, तिघांचं कशावरच एकमत नाही. कोंगमारू ला कुठे ५,१५० तर कुठे ५,२९०. मी सगळीकडे मोठा आकडा धरला.

खाण्यावर आमचे दोन महिने गेले, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा जेवणाच्या टेबलावर कायमचा मुक्कामाला आला. माणशी रोज साडेसहाशे ग्रॅम कोरडं खाणं धरलं. तेरा दिवसांचं दोघींचं जवळजवळ सतरा किलो झालं असतं, आणि तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह वेगळेच. माझं वजन छप्पन. पाठीवर चौदाच्या वर नको असं गुडघ्यांनी केव्हाच सांगून ठेवलंय.

उत्तर नकाशातच होतं. चिलिंगला गाडीरस्ता येतो. अर्धं खाणं लेहमधून जीपने चिलिंगला पाठवायचं, म्हणजे पहिल्या टप्प्यात पाठीवर सात दिवसांचंच, आणि हिंजूत होमस्टे असल्याने त्यातूनही दोन दिवस वजा. पुढे मारखा खोऱ्यात गावोगाव होमस्टे आहेतच.

"मावशी, हे चीटिंग आहे," भाची म्हणाली. "इंडिपेंडंट म्हणजे सगळं आपल्या पाठीवर."

"मग तांदूळही आपल्या शेतात पिकवू."

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी नऊ किलो पाण्याच्या बाटल्या भरून आतकरवाडीतून सिंहगड चढली आणि वरून फोन केला, "चिलिंगचं चालेल." सरावाची ही आमची जुनी पद्धत: चढताना पाणी, वर पोचल्यावर ओतून द्यायचं, उतरताना सॅक रिकामी. गुडघे वाचतात.

काय न्यायचं हे पाण्याने ठरवलं. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. निमालिंगला पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे तुरीची डाळ शिजवायला बसलात तर गॅस संपेल, डाळ तशीच. म्हणून न शिजवता, नुसत्या गरम पाण्याने होणारे पदार्थच यादीत. पातळ पोहे आणि मेतकूट. भाजलेला रवा, त्यात फोडणी आधीच घातलेली. सातूचं पीठ. मुगाची खिचडी घरी मऊ शिजवून, ताटात पसरून, पंख्याखाली आणि मग गच्चीवर कडकडीत वाळवलेली. कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवली की पुन्हा खिचडी. पहिल्यांदा जाड थर लावला तर आतून आंबली, दुसऱ्यांदा जमली. दाण्याची चटणी भरपूर, कारण शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ५७० च्या आसपास कॅलरी आणि पोह्यांत साडेतीनशे. आईने चाळीस गुळपोळ्या केल्या. भर ऑगस्टमध्ये संक्रांत म्हणून बाबा हसले. पण गुळपोळी टिकते, मोडत नाही, थंडीत दगड होत नाही. एनर्जी बार या वस्तूला आपल्याकडे शतकानुशतकं नाव आहे, हे भाचीनेही मान्य केलं.

गॅसचा हिशेब गॅलरीत केला. डबी वजनकाट्यावर ठेवायची, एक लिटर पाणी उकळायचं, पुन्हा वजन. नऊ ग्रॅम गेले. उंचीवरचा वारा आणि थंडी धरून बारा मानले. रोज तीन लिटर म्हणजे छत्तीस, सात दिवसांचे अडीचशे. २३० ग्रॅमच्या दोन डब्या. विमानात डबी नेता येत नाही, त्यामुळे खरेदी लेहमध्ये, आणि तिथेही काटाच कामाला आला. एका दुकानात 'नवी' म्हणून मिळालेली डबी भाचीने सामानाच्या हुकवाल्या काट्याला लावली. भरलेली डबी लोखंडासकट पावणेचारशेच्या पुढे हवी. ही भरली २९०. कुणीतरी परतताना विकलेली असणार. दुकानदार काही न बोलता दुसरी द्यायला आत गेला.

आणखी एक गोष्ट वेळेवर कळली. परदेशात राहणारा आत्येभाऊ त्याचं सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र द्यायला निघाला होता. असली यंत्रं परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाहीत. लोक विमानतळावर अडकलेत. आम्ही जुनी पद्धत ठेवली: मुक्कामांचा तक्ता एक घरी, एक लेहच्या गेस्टहाउसमध्ये, आणि तळाला लाल शाईत, "१५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन नाही आला तर शोध सुरू करा, त्याआधी नाही." शेवटचे दोन शब्द आईसाठी. शिवाय दोघींची सिमकार्डं पोस्टपेड करून घेतली, बाहेरचं प्रीपेड तेव्हा तिकडे चालत नव्हतं.

चालण्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण बहुतेक दिवस तक्त्यासारखे गेले. हिंजूला पहिल्या रात्री भाचीचं डोकं ठणकायला लागलं. सकाळी ती चुलीजवळ बसून होती, होमस्टेच्या आमा-लेंनी (घरच्या आईंनी) पुढे केलेल्या 'खंबीर' या लडाखी रोटीकडे बघत, पण खात नव्हती. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण आज कुठे जायचंच नव्हतं, वहीत तसंच लिहिलं होतं. ती दिवसभर अंगणात उन्हात पडून राहिली, पाणी पीत राहिली, संध्याकाळी उठून जवाची कापणी बघायला गेली आणि रात्री दोनदा भात मागून घेतला. जुन्या एक्सेलप्रमाणे आदल्या संध्याकाळीच आम्ही ४,३०० वर तंबू ठोकत असतो.

चिलिंगला आमचं पोतं वेळेवर आलं नाही. जीपवाला म्हणाला होता गुरुवारी, आला शुक्रवारी दुपारी. एक राखीव दिवस तिथे गेला. चिलिंग हे तांब्या-पितळेच्या कारागिरांचं गाव, लेहजवळच्या शे या गावातल्या बुद्धमूर्तीसाठी नेपाळहून आणलेल्या कारागिरांचे हे वंशज. दिवसभर एका अंगणात बसून हातोडीचा आवाज ऐकला. भाचीने तेवढ्यात तांब्याची एक पळी विकत घेतली. मी वजन विचारलं, तिने ऐकू न आल्यासारखं केलं.

दुसरा राखीव दिवस निमालिंगने घेतला. रात्री तंबूवर बारीक खरखर सुरू झाली, पहाटे बाहेर डोकं काढलं तर पठारावरच्या मेंढ्या आणि बर्फ यांच्यातला फरक कळेना, आणि कांग यात्से शिखर गायब. खिंडीची वाट झाकलेली. दुपारी ऊन पडलं, पण दुपारी निघायचं नाही हेही वहीत होतं. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला कोंगमारू लावर होतो. पुढच्या घळीत ओढा किती वेळा ओलांडला ते मोजायचं सोडून दिलं. शांग सुमदोहून मिळालेल्या गाडीने लेह गाठलं आणि १५ तारखेच्या दुपारी घरी फोन लावला. आईने पहिल्या रिंगला उचलला.

घरी आल्यावर गणपतीच्या आरासीच्या पसाऱ्यातच उरलेलं खाणं काट्यावर ठेवलं. एक किलो दोनशे चाळीस, त्यातले नऊशे नुसते पोहे. सातू संपलं, खिचडी संपली. गुळपोळ्या तर चिलिंगला पोतं उघडल्यावर दोन दिवसांत फस्त झाल्या होत्या. वहीत पुढच्यासाठी लिहिलं: पोहे निम्मे, पोळ्या ऐंशी.

मग भाचीची पळी ठेवली. तीनशे दहा ग्रॅम. पूर्ण मारखा खोरं आणि कोंगमारू ला ती तिने सॅकच्या तळाशी, मोज्यांत गुंडाळून नेली होती. त्या गणपतीला मोदकांवरचं तूप तिनेच वाढलं, त्याच पळीने.