निळ्याच्या सात छटा जमल्या, पिवळा अडून बसलाय

मंडळी, माँटेसरीच्या तिसऱ्या रंगपेटीतला (मुलं एकाच रंगाच्या सात छटा गडद-फिक्या क्रमाने लावतात, त्या पेटीतला) निळा एकदाचा जमला! सातही पट्ट्या सकाळच्या उजेडात ओळीने मांडल्या आणि गडदपासून फिक्यापर्यंत नजर कुठेच अडखळली नाही. खूप आनंद झालाय, म्हणून लगेच लिहितेय.

अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. पांढऱ्यात एक थेंब निळा, मग दोन, मग तीन, हे सूत्र आपल्यात सगळीकडे फिरतं. त्याने फिक्या बाजूच्या पट्ट्या छान वेगळ्या दिसतात, पण गडद बाजूच्या तीन पट्ट्या जुळ्या बहिणी वाटतात. शेजारची चार वर्षांची पोर नेमकी तिथेच थांबायची. पट्टी उचलायची, ठेवायची, परत उचलायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. आपली नजर रंगातला फरक बेरजेने मोजत नाही, पटीने मोजते. एकाचे दोन थेंब झाले की फरक ठसठशीत दिसतो, सहाचे सात झाले तर कळतही नाही. म्हणजे थेंब १, २, ४, ८ असे दुपटीने वाढायला हवेत.

मग थेंब मोजायचेच कशाला? दोन चमचे गडद निळा घ्या. त्यातला एक बाजूला ठेवा, उरलेल्यात एक चमचा पांढरा घालून घोटा. पुन्हा एक ठेवा, एकात पांढरा घाला. असं करत सातव्या पट्टीत मूळ निळ्याचा ६४वा भाग उरतो. सिरिंज नको, वजनकाटा नको. फक्त मूळ निळा फार काळपट घेऊ नका. आणि अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, तेव्हा ओल्या रंगावरून काहीच ठरवू नका.

जळगावच्या उन्हात दुपारी रंगाला हात लावण्यात अर्थ नाही. वाटीतच साय धरते आणि ब्रशच्या रेघा उमटतात. मी पहाटे रंगवते. चार मि.मी.चं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), २२० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमरचे दोन हात. कडेला पांढरी पट्टी सोडते, म्हणजे मुलांची बोटं रंगावर पडत नाहीत. ऑनलाइन मागवलेल्या तयार संचात प्रत्येक पट्टीची चकाकी वेगळी निघाली. पोरं रंग सोडून चकाकीवरूनच जोड्या लावतात. असल्या संचावर पैसे घालू नका. आपल्या एमआयडीसीतला कटिंगवाला पट्ट्या कापून देतो, त्या कितीतरी सरस.

आता पिवळा. तो मुळातच उजळ, पांढरा घालून सात पायऱ्या निघतच नाहीत. काळा घातला की शेवाळी हिरवा होतो. सध्या गेरू घालून बघतेय, गडद टोक मातकट पण पिवळ्याच्या घरातलं राहतं.

हे चालू असतानाच त्या पोरीने हिरव्याची एक पट्टी पिवळ्याशेजारी ठेवली आणि ओरडली, "हाई ते केय शे!" म्हणजे, हे तर केळं आहे! मी बघतच राहिले. केळी पिकवणारे सालीच्या रंगावरून पिकण्याच्या ७ अवस्था मानतात, पूर्ण हिरव्यापासून ठिपकेदार पिवळ्यापर्यंत. रावेर-सावद्याच्या पोरांच्या रोजच्या नजरेतली गोष्ट आहे ही! बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा परिसरातल्या वस्तूंचीच साधनं केली. मग आपल्या पेटीत केळी का नको?

त्यामुळे बेत बदललाय. गुलाबी आणि राखाडी मागे, आधी केळीची पेटी. यात अर्धं-अर्धं सूत्र चालणार नाही, कारण इथे फिक्कट करायचं नाही, हिरव्यातून पिवळ्यात जायचंय. हिरव्यात पिवळा थोडाथोडा वाढवून बघते. सातवी अवस्था मात्र गाळणार. ठिपके आले की मूल ठिपकेच बघणार, रंग नाही. सहा पट्ट्यांवर थांबते. गेरूऐवजी पिवडी (पिवळी माती) वापरून कुणी पिवळा गडद केला असेल, तर प्रमाण जरूर कळवा. या आठवड्यात तेच करणार आहे.