सर्वे सरकारनं करवला, मग कॉपीराइट कोणाचा?

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांच्या पडझडीचा सर्वे एका सरकारी कार्यालयानं खासगी कन्सल्टंटकडून करवून घेतला होता. तो अहवाल मी माहितीच्या अधिकारात मागितला. इंदुरात मराठीत अर्ज चालत नाही; कायदा हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाची राजभाषा म्हणतो, आणि मध्य प्रदेशची ती हिंदीच. १० रुपये रोख भरले, पावती घेतली, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. कशासाठी हवंय ते लिहिलं नाही. कलम ६(२) मुळे लिहावं लागत नाही, आणि लिहिलं की त्यावरच वाद सुरू होतो.

२७ व्या दिवशी नकार आला. अहवाल कन्सल्टंटनं तयार केलेला, म्हणून कलम ९, कॉपीराइट. त्यात घरमालकांची नावं आणि मोबाइल नंबर, म्हणून कलम ८(१)(ञ), खासगी माहिती.

कलम ९ पूर्ण वाचायला हवं. कॉपीराइट राज्याखेरीज दुसऱ्या कोणाचा असेल, तरच त्याआधारे नकार देता येतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की सरकारच्या निर्देशानं किंवा नियंत्रणाखाली झालेल्या कामाचा पहिला मालक सरकारच, करारात उलट लिहिलं नसेल तर. म्हणजे सगळी गाठ करारात. तो मिळवायला दुसरा अर्ज केला: कार्यादेश आणि करार, अटींसह. १४ पानं, दोन रुपये पान, २८ रुपये. फी भरायचं पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीत मोजत नाहीत, तेव्हा पत्र हाती पडलं त्याच दिवशी भरलं.

इथे माझी चूक झाली. पहिलं अपील नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत करायचं असतं, आणि नव्या अर्जाला तितकाच वेळ लागू शकतो. करार पहिल्याच अर्जात मागायला हवा होता. मग अपील आधी टाकलं (मध्य प्रदेशात त्याची फी ५० रुपये) आणि करार सुनावणीत दाखवला. अहवाल आणि नकाशे विभागाच्या मालकीचे, अशी अट त्यात स्पष्ट होती. कॉपीराइटचा मुद्दा तिथेच संपला. तसंही नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं माहिती अधिकार कायद्याच्या कलम १९(५) नं अधिकाऱ्यावरच टाकलंय.

नावांसाठी भांडलो नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं, आणि ते नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालं. आधी त्याच कलमात जनहिताची सवलत होती, विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाही, असं परंतुक होतं. आता दोन्ही गेलं, 'व्यक्तिगत माहिती' एवढंच उरलंय. जनहितासाठी ८(२) आहे, पण ते पटवून द्यावं लागतं. मला गल्ली, धोक्याची श्रेणी आणि पाहणीची तारीख पुरत होती. म्हणून कलम १० खाली नावं-नंबर काळे करून बाकीचं द्या, असं मागितलं. अपिलात तेच मान्य झालं.

अहवाल सीडीवर आला. नावांवर काळ्या पट्ट्या होत्या, पण पट्टीखालचा मजकूर निवडून कॉपी केला की नाव आणि नंबर जसेच्या तसे! पीडीएफवर चौकोन ओढला तर अक्षरं खालीच राहतात. कार्यालयाला लेखी कळवलं आणि ती फाइल कोणालाच पाठवली नाही. काळं केलेली पानं छापून पुन्हा स्कॅन करायची, मग खाली काही उरत नाही.

गल्लीच्या ग्रुपवर अख्खा अहवालही टाकला नाही. माहिती मिळाली म्हणून कॉपीराइट आपला होत नाही, तो सरकारचाच. राजपत्र, कोर्टाचे निकाल, विधिमंडळासमोर ठेवलेले समित्यांचे अहवाल यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. हा त्यांत बसत नाही. आकड्यांवर मात्र कोणाचा कॉपीराइट नसतो. गल्लीवार तक्ता माझ्या शब्दांत केला, आणि तोच पाठवला.